सर्वांना उघडे कोठार

कोठार ठेवण्यासाठी असते, दाखवण्यासाठी नसते. घरी पाहुणा आला तर आपण त्याला ओसरीवर बसवतो. पाण्याचा तांब्या पुढे ठेवतो. चार गोष्टी बोलतो. पण माजघरातले फडताळ, माळ्यावरची ट्रंक, कोठीतली कणगी त्याला दाखवत नाही. पाहुणाही मागत नाही. तशी रीतच आहे.

संग्रहालयाचेही असेच असते. संग्रहालय म्हणजे जुन्या आणि सुंदर वस्तू जपून ठेवण्याची जागा. कोणी म्युझियम म्हणतात. जुनी माणसे अजबखाना म्हणत. तिथे पुढे दालने असतात, काचेची कपाटे असतात, वस्तू नीट मांडलेल्या असतात. ही झाली संग्रहालयाची ओसरी. मागच्या बाजूला, नाहीतर तळघरात, त्याची कोठी असते. मांडलेल्या वस्तूंच्या कितीतरी पट वस्तू त्या कोठीत बांधून ठेवलेल्या असतात.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये, कोरीव दारे अशा आपल्या ओळखीच्या वस्तू तिथे आहेत. त्या संग्रहात सुमारे २०,००० वस्तू आहेत. मांडलेल्या आहेत अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे आठांतली एक बाहेर आणि सात आत. बाकीच्या मांडायला जागा कुठून आणायची? लहानमोठ्या सगळ्याच संग्रहालयांपुढे ही अडचण असते.

मग त्या आतल्या वस्तू कोणी पाहायच्या? त्या आहेत लोकांच्या. त्यांची राखण होते लोकांच्या पैशावर. आणि लोकांनाच त्या दिसत नाहीत.

इंग्लंडच्या राजधानीत, लंडनमध्ये, या प्रश्नावर एक उपाय करून पाहिला आहे. तिथल्या एका मोठ्या संग्रहालयाने आपली कोठीच लोकांना उघडी केली. ३१ मे २०२५ रोजी तिचे दार उघडले. चला, आज आपण ते कोठार पाहून येऊ. लंडन लांब आहे, पण आपण मनाने जाणार आहोत. गाडीभाडे लागणार नाही.

कोठार कोणाचे?

हे कोठार ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट’ या संग्रहालयाचे आहे. व्हिक्टोरिया ही इंग्लंडची राणी. आल्बर्ट हा तिचा नवरा. संग्रहालय १८५२ साली सुरू झाले. याच नावाचे एक संग्रहालय आपल्या मुंबईतही होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत ते १८७२ साली लोकांसाठी उघडले. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले. इमारत तीच आहे आणि आजही पाहता येते.

लंडनच्या संग्रहालयाच्या पुष्कळ वस्तू पूर्वी ब्लाइथ हाउस नावाच्या एका जुन्या इमारतीत होत्या. ती मुळात पोस्टाच्या बचत बँकेची कचेरी. २०१५ साली सरकारने ती विकायचे ठरवले. बिऱ्हाड हलवणे भाग पडले. घर बदलताना माळ्यावरचे सगळे खाली काढावे लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि मग आपल्याजवळ काय काय आहे, ते आपले आपल्यालाच नव्याने कळते! संग्रहालयाच्या लोकांनी विचार केला, एवढे सगळे हलवायचेच आहे, तर पुन्हा कुलपात कशाला कोंडायचे?

२०१२ साली लंडनला ऑलिंपिकचे खेळ झाले होते. जगभर बातम्या आणि चित्रे धाडण्यासाठी तिथे मोठमोठ्या इमारती बांधल्या होत्या. खेळ संपले, इमारती उरल्या. त्यांतल्या एकीत हे कोठार थाटले. नाव ठेवले ‘व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस’. ईस्ट म्हणजे पूर्व. शहराच्या पूर्व भागात आहे म्हणून हे नाव. चार मजले मिळून जागा १६,००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ चार एकर. तीत अडीच लाख वस्तू आहेत. शिवाय साडेतीन लाख पुस्तके आणि एक हजार दप्तरे.

असे कोठार जगात हे पहिलेच, असे मात्र नाही. हॉलंडमध्ये रॉटरडॅम नावाचे बंदर आहे. त्या शहराचा पुष्कळ भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथल्या संग्रहालयाची चित्रे तळघरात असत आणि पाण्याची धास्ती कायमची. म्हणून त्यांनी वाडग्याच्या आकाराची उंच इमारत बांधली. बाहेरून सगळी आरशांनी मढवलेली. वस्तू त्यात उंचावर नेऊन ठेवल्या आणि २०२१ साली ती लोकांना उघडी केली. तिथे मात्र तिकीट आहे. लंडनच्या कोठारात प्रवेश फुकट आहे. आम्हाला विचाराल तर लंडनची रीत बरी. आपलीच वस्तू पाहायला दाम कशाला मोजायचा?

आत शिरू

दारात कोणी नाव-गाव विचारत नाही. मोठी पिशवी मात्र बाहेर कुलपाच्या खणात ठेवावी लागते. अरुंद जागेत पिशवीचा धक्का एखाद्या भांड्याला लागला तर ते गेलेच.

जिना चढून आपण वर येतो आणि एकदम कोठाराच्या मधोमध उभे राहतो. चहूकडे लोखंडी मांडण्या. खाली मांडणी, वर मांडणी, नजर पोचेल तिथवर मांडणी. त्यांवर खुर्च्या, पेटारे, पुतळे, मातीची भांडी, चित्रांच्या चौकटी. काही वस्तू लाकडी खोक्यांत, काही नुसत्या फळीवर. आणि बहुतेक वस्तूंजवळ माहितीची पाटी नाही.

“पाटी नाही, मग काय कळायचं?” असे कोणी विचारील. प्रश्न बरोबर आहे. पण हे दालन नाही, कोठी आहे. कोठीत सोयीप्रमाणे ठेवतात. किराण्याच्या दुकानात वाणी गुळाची ढेप खाली ठेवतो आणि वेलदोड्याची बरणी वर ठेवतो. गूळ कोल्हापूरचा आणि वेलदोडा केरळचा म्हणून तो त्यांची वेगळी कपाटे करत नाही. तसेच इथे. जड ते जडाजवळ, लांब ते लांबाजवळ, लहान वस्तू खणांत. त्यामुळे राजाच्या घरची वस्तू आणि कुंभाराच्या घरची वस्तू एकाच फळीवर शेजारी बसतात. आम्हाला तर हे फार आवडले.

वस्तू हरवत कशा नाहीत? नोंदीमुळे. शेताला जसा गट नंबर, तसा इथे प्रत्येक वस्तूला नंबर. बहुतेक नंबरांत ती वस्तू कोणत्या साली आली, ते सालही असते. वस्तू एका फळीवरून दुसरीवर गेली तरी नोंद बदलते. सातबाऱ्यावर नाव नसले म्हणजे काय हाल होतात, ते आपण जाणतो. कोठीतही नोंद नसलेली वस्तू असून नसल्यासारखीच.

काही मोठ्या वस्तू मात्र उलगडून, उभ्या करून दाखवल्या आहेत. त्यांतली एक बायकांनी आवर्जून पाहावी अशी आहे. ते आहे एक स्वयंपाकघर! १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी घरे बांधत होते. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की नावाच्या बाईंनी त्या घरांसाठी हे स्वयंपाकघर आखले. खोली लहानशी, सुमारे सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. स्वयंपाक करताना बाईला किती पावले चालावी लागतात, याचा हिशेब घड्याळ लावून केला. मग चूल, मोरी, ओटा, कपाटे अशी बसवली की फेऱ्या कमी व्हाव्यात. डाळ-तांदूळ-साखरेला नाव घातलेले खण केले. पिठाचे खण ओक नावाच्या लाकडाचे केले, कारण त्या लाकडामुळे पिठात अळी होत नाही असा अनुभव. कपाटांना रंग निळा दिला, कारण निळ्या रंगावर माशी बसत नाही अशी समजूत. माशीचे खरे-खोटे माशीला ठाऊक! पण बाईच्या पायांचा विचार कोणीतरी केला आणि त्या विचारासाठी एक अख्खे स्वयंपाकघर जपून ठेवले, ही गोष्ट लहान नाही.

पुढे लंडनमधल्या एका सरकारी चाळीचा तुकडा उभा आहे. भिंत, खिडक्या, कठडा, जसेच्या तसे. १९७२ साली ती चाळ पुरी झाली आणि २०१७ साली ती पाडायला लागले. पाडताना हा तुकडा राखून ठेवला. महाल सगळेच राखतात. चाळ राखणारा विरळा.

एक पडदाही आहे, नाटकाचा. उंची दहा मीटरच्या वर, म्हणजे तीन मजली घराएवढी. दोन बायका समुद्रकाठी हातात हात घालून धावत आहेत, असे त्यावर चित्र आहे. मूळ चित्र पिकासो या नामांकित चित्रकाराने १९२२ साली काढले. ते शाळेतल्या पाटीहून थोडेसेच मोठे होते. त्यावरून १९२४ साली दुसऱ्या एका रंगकाम करणाऱ्याने हा प्रचंड पडदा रंगवला. तो पाहून पिकासो इतका खूश झाला की त्याने त्यावर आपली सही केली. कोठार उघडले तेव्हा हा पडदा टांगलेला होता. असा पडदा कायम टांगून ठेवता येत नाही. स्वतःच्या वजनाने तो फाटू लागतो. एरवी त्याची जागा गुंडाळीत.

कसर, ओल आणि ऊन

जुन्या वस्तूंचे शत्रू आपल्या घरात आणि लंडनच्या कोठारात सारखेच. कापडाला कसर लागते. लाकडाला कीड लागते. कागदाला ओल धरते आणि बुरशी येते. उन्हाने रंग उडतो. आपल्या आजीबाई पैठणी सुती कापडात गुंडाळून ठेवत, अधूनमधून तिची घडी बदलत आणि ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालत. घडी बदलण्यात मोठे शहाणपण आहे. एकाच घडीवर रेशीम वर्षानुवर्षे राहिले की तिथेच तुटते.

मोठ्या संग्रहालयांत आणखी एक उपाय करतात. कसर लागलेले कापड प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून अतिशय थंड पेटीत काही दिवस ठेवतात. बर्फाच्या कितीतरी पट थंड. त्यात किडे मरतात आणि त्यांची अंडीही मरतात. औषध फवारायला नको. वस्तू दुरुस्त करणारे कारागीर या कोठारात काम करतात, ते वरून काचेतून पाहता येते. एखादा माणूस हातात बारीक कुंचला घेऊन तासन्‌तास एकाच जागी बसलेला असतो.

घरी जुने कागद असतील, खरेदीखत, आजोबांचे पत्र, लग्नातला फोटो, तर त्यांवर चिकटपट्टी मात्र कधी लावू नका. पट्टीचा गोंद पिवळा होतो, कागदात मुरतो आणि मग काढू म्हटले तरी निघत नाही. फाटलेला कागद सुट्या तुकड्यांसकट पाकिटात ठेवलेला बरा.

पायाखालचे आग्रा

कोठाराच्या मध्यभागी पायाखालची जमीन काचेची आहे. खाली पाहिले की पांढऱ्याशुभ्र संगमरवराचे खांब दिसतात. त्यांवर कमानी. हे खांब आपल्या देशातले आहेत. आग्र्याच्या किल्ल्यात मोगल बादशहांचा हमामखाना होता, म्हणजे स्नानाची जागा. १७ व्या शतकातले हे काम. इंग्रजांच्या अमदानीत हमामखाना मोडला गेला आणि खांब पुढे लंडनला पोचले. कित्येक वर्षे ते कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. आता जगभरची माणसे त्यांच्यावरून चालतात आणि खाली वाकून पाहतात.

इथे आपण थोडे थांबू. खांब तिथे सुरक्षित आहेत हे खरे. ओल नाही, धूळ नाही. पण ते तिथे गेले कसे? त्या वेळी राज्य इंग्रजांचे होते आणि आपल्या माणसांना कोणी विचारले नव्हते. वस्तू चांगली सांभाळली म्हणून ती सांभाळणाऱ्याची झाली, असे आम्हाला वाटत नाही. शेजाऱ्याने आपला बैल नीट पोसला तरी दावणीचा प्रश्न उरतोच. कोठार उघडे झाल्याने हा प्रश्न सुटला नाही. पण वस्तू दिसू लागली, म्हणून प्रश्न विचारता येऊ लागला. कुलपात होती तोवर आहे की नाही, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

याच संग्रहालयाकडची वाघनखे २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती पाहायला लोकांनी गर्दी केली. ती आली ती तीन वर्षांच्या मुदतीने, उसनी. शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, असा पक्का पुरावा नाही, हेही लंडनचे संग्रहालयच सांगते. उसनवार का होईना, पण कोठीतली वस्तू प्रवास करू शकते, हे त्यावरून दिसले.

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या भिंतींवरची चित्रे जगात नावाजलेली. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी त्या चित्रांच्या हुबेहूब नकला केल्या. जॉन ग्रिफिथ्स हे त्यांचे शिक्षक. गुहेतल्या अपुऱ्या उजेडात ही तरुण मुले काम करत. सुमारे ३०० नकला झाल्या. काही तर तीन मीटर उंच आणि सहा मीटर लांब. त्या सगळ्या लंडनला याच संग्रहालयात पाठवल्या. १८८५ साली तिथे आग लागली आणि शंभरावर नकला जळाल्या. दीडशेवर वाचल्या. एवढी मोठी चित्रे टांगायची कुठे? १९५५ नंतर कितीतरी वर्षे त्यांना दालनात कायमची जागा मिळाली नाही. त्या कोठीत पडून राहिल्या.

“पडूनच राहायचं, तर ठेवायचं कशाला?” असे तुम्ही म्हणाल. त्याचे उत्तर अजिंठ्याच्या भिंतीवर आहे. नकला झाल्या त्यानंतर मूळ चित्रांचा रंग कुठे उडाला, कुठे पापुद्रे पडले. भिंतीवर आज जे दिसत नाही, ते त्या कापडावर दिसते. भिंत विसरली आणि कोठीने लक्षात ठेवले. कोणती वस्तू पुढे कशाची साक्ष देईल, ते ठेवणाऱ्यालाही आधी कळत नाही. पण साक्षीदार जिवंत असून कोणाला भेटतच नसेल, तर त्याची साक्ष व्हायची कशी?

मागा आणि पाहा

या कोठाराची सर्वांत मोठी गोष्ट आम्ही शेवटी ठेवली आहे. मांडणीवर दिसते तेवढेच पाहायचे, असे इथे नाही. खोक्यात किंवा खणात असलेली वस्तूही आपण मागू शकतो. दोन आठवडे आधी मागणी नोंदवायची. एका वेळी पाच वस्तूंपर्यंत मागता येतात. ठरलेल्या दिवशी गेले की कामगार ती वस्तू काढून टेबलावर आणून ठेवतात. मग शेजारी उभे राहून ती कशी पाहायची, हात कुठे लावायचा, कुठे लावायचा नाही, ते सांगतात. मागणारा विद्वान असावा लागत नाही. पदवी विचारत नाहीत. कारण विचारत नाहीत. पाहायची आहे, एवढे कारण पुरते. एखाद्या शिंप्याला जुन्या सदऱ्याची शिवण पाहायची असेल, एखाद्या सुताराला खुर्चीचा सांधा पाहायचा असेल, तर त्यांनीही मागावे.

पूर्वी हा मान बहुधा अभ्यासकांना मिळे. पत्र लिहा, ओळख दाखवा, मग थांबा.

संग्रहाची सूची इंटरनेटवर आहे, आणि ती आपल्या गावातूनही पाहता येते. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला फोनवर काढायला सांगा. ती इंग्रजीत आहे. अजिंठा, मुंबई, पुणे अशी नावे इंग्रजी अक्षरांत घालून शोधा. वस्तूचा फोटो असेल तर तो दिसतो. खाली तिचा नंबर असतो, आणि ती कुठे ठेवली आहे तेही लिहिलेले असते. ती या कोठारात असेल तर तसे कळते. नंबर वहीत उतरवून घ्या. गावातले कोणी लंडनला शिकायला किंवा नोकरीला असेल, तर त्याला तो नंबर कळवा आणि आपल्या वतीने वस्तू मागवून पाहायला सांगा.

कोठार सकाळी १० ला उघडते आणि संध्याकाळी ६ ला बंद होते. गुरुवारी आणि शनिवारी मात्र ते रात्री १० पर्यंत उघडे असते. कामावरून सुटलेला माणूसही त्या दिवशी जाऊ शकतो.